दुखवटा आणि कठडा

सगळं सभागृह उभं राहिलं आणि मी बसून राहिले.

समोरच्या टेबलावर दत्तूनाना खरमाट्यांचा फोटो होता, झेंडूचा ताजा हार घातलेला. फोटोच्या मागं आमच्या देवसळ नगरपरिषदेचे अध्यक्ष भालूशेठ निकते हात जोडून, मान खाली घालून उभे होते. मुख्याधिकारी वाघचौरेसाहेब उभे, सगळे नगरसेवक उभे, पाण्याचे ग्लास घेऊन दारात आलेला शिपाईसुद्धा ट्रे सांभाळत उभा. आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांपाशी नानांची बायको, हौसाक्का, भिंतीला एक हात टेकून उभ्या होत्या. शेजारच्या नगरसेवकानं मला कोपरानं ढोसलं.

"ताई, उठा की. लोक बघत्यात."

"बघू देत," मी म्हणाले. त्या शांततेत ते जरा जास्तच ऐकू गेलं.

भालूशेठनी डोळे उघडले. "मंदाताई, दोन मिनिटं फक्त."

"आधी कठड्याचा विषय घ्या," मी म्हणाले. "मग दोन मिनिटं काय, दिवसभर उभी राहते."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. पोळांची मंदा नानांच्या दुखवट्याला उठली नाही. ज्या नानांनी तिला नगरपरिषदेची पायरी दाखवली, त्या नानांच्या. एवढं मिजासखोर माणूस पाहिलं नाही, असं माझ्या सख्ख्या जावेनंही कुणाकुणाला सांगितलं म्हणे. सगळं खरं होतं. नानांनीच मला तिथं नेलं होतं आणि मी उठले नव्हते. का उठले नाही, ते मात्र कुणी येऊन विचारलं नाही. कुणी विचारत नाही म्हटल्यावर मीही सांगायला गेले नाही. आता सांगते.

देवसळ ओढ्यानं मधोमध कापलेलं गाव आहे. अलीकडं बाजारपेठ, शाळा, दवाखाना, नगरपरिषद. पलीकडं आमची माळवस्ती. दोन्हींना जोडणारा एकच फरशी पूल, ठेंगणा आणि अरुंद. त्याला पूर्वी लोखंडी कठडा होता. एका पुरात तो वाकला, आणि वाकलेलं लोखंड भंगारात कुणी नेऊन घातलं हे सगळ्या गावाला माहीत आहे आणि विचारलं तर कुणालाच माहीत नाही. फरशीत रुतलेले खुंट तेवढे उरले. तेव्हापासून पूल दोन्ही अंगांनी उघडा. आमच्याकडच्या पोरी शाळेला जाताना एकमेकींचे हात धरून मधून चालायच्या, आणि समोरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत आला की जीव मुठीत धरून कडेला थांबायच्या. खाली दगड होते.

वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा नाना आमच्या घरी आले. ते स्वतः जुने नगरसेवक. आमच्या ह्यांना बाजूला सारून सरळ माझ्याशी बोलले. म्हणाले, माझे गुडघे गेले आणि वॉर्डही गेला, आता तू उभी राहा आणि निवडून आलीस की एकच काम कर, पुलाला कठडा लाव. मला वाटलं, एका कठड्याला असं काय लागतं? चार पाइप आणि एक वेल्डर. मी निवडून आले ती त्या चार पाइपांच्या भरवशावर.

पहिल्यांदा विषय मांडला तेव्हा उत्तर आलं, निधी नाही. मी गप्प बसले. निधी नाही तर नाही. त्याच सभेत, चहाच्या आधी, भालूशेठनी अध्यक्षांच्या परवानगीनं म्हणजे स्वतःच्याच परवानगीनं एक ऐनवेळचा विषय घेतला. पुलाच्या गावाकडच्या तोंडाशी स्वागत कमान बांधणे. सगळ्यांनी बाकं वाजवली आणि विषय मंजूर झाला. मी विचारलं, हिला निधी कुठून आला? भालूशेठ मला समजावणीच्या सुरात म्हणाले, ताई, तो वेगळ्या हेडमधला. नगरपरिषदेच्या पैशाच्या वेगवेगळ्या गल्ल्या असतात आणि एका गल्लीतला पैसा दुसऱ्या गल्लीत पाऊल टाकत नाही, हे माझं पहिलं शिक्षण. ती कमान त्याच वर्षी उभी राहिली. पुढं तिला दत्तूनाना खरमाट्यांचं नावही दिलं. पुलाला लोखंडी कठडा अजून नाही.

त्यानंतर मी अभियंत्याच्या मागं लागून कठड्याचं अंदाजपत्रक करून घेतलं, विषयपत्रिकेवर विषय घालून घेतला, आणि सभेच्या आदल्या दिवशी एक माजी उपाध्यक्ष वारले. आमच्या सभागृहाची एक रीत होती. कुणी आजी-माजी सभासद किंवा मोठं माणूस गेलं की दुखवट्याचा ठराव करायचा, दोन मिनिटं उभं राहायचं आणि सभा तहकूब करायची. त्या दिवशी मग दुसरा एकही विषय घ्यायचा नाही, नाहीतर गेलेल्याचा अपमान होतो. कायद्यात असं काही नव्हतं. पण कायदे मोडलेले मी त्या सभागृहात पुष्कळ पाहिले, ही रीत मोडलेली कधी पाहिली नाही. पुढच्या सभेला जिल्ह्यातले एक जुने पुढारी गेले, त्याच्या पुढच्या सभेला भालूशेठचे चुलते. माणसं जायची तेव्हा जातातच, त्याला कुणाचा इलाज नाही. पण आमच्याकडची माणसं सभेची तारीख बघून जातात की काय, असं मला वाटायला लागलं. विषय दर वेळी पुढच्या पत्रिकेच्या शेपटाला जायचा. कठड्याचं पार भिजत घोंगडं झालं.

आणि ही रीत लावली होती खुद्द नानांनी. ते सभासद होते तेव्हा त्यांचा एक सोबती वारला, आणि बाकीचे दोन मिनिटं उभे राहून खाली बसले ते थेट आठवडी बाजाराच्या लिलावावर भांडायला लागले. नानांनी टेबलावर मूठ आपटली आणि सभा बंद पाडली. तेव्हापासून सुरू झालं. कित्येक वर्षं नानांना त्याचा अभिमान होता.

भालूशेठच्या चुलत्यांसाठी उभं राहून आम्ही घरी निघालो होतो. नाना प्रत्येक सभेला मागच्या खुर्चीवर येऊन बसायचे. सायकल हातात धरून ते माझ्याबरोबर पुलावरून चालत होते.

"मंदे, ही रीत मीच लावली गं," ते म्हणाले. "तवा वाटलं, गेलेल्या मान्साचा मान ऱ्हायला पायजे. आता गेलेल्याचा मान ऱ्हातूय आन् जित्याचं काम ऱ्हातंय."

"मग तुम्हीच मोडा की नाना."

"माझं कोन ऐकतंय आता? पर एक सांगून ठेवतो. माझ्या टायमाला सभा तहकूब हू देऊ नगंस. आदी कठडा मंजूर कर, मग घाल हार."

असलं अभद्र बोलू नका, असं मी रागानं म्हणाले. नाना हसले. त्यांच्या दारात हौसाक्का तांदूळ निवडत बसल्या होत्या. नानांनी सायकल भिंतीला लावता लावता त्यांनाही तेच ऐकवलं, तुला पण सांगितलं बघ, म्हणाले. अक्कांनी मान वर न करता नुसतं हं केलं.

पाऊस सरता सरता नाना गेले. बाजार करून दिवेलागणीला परत येत होते. पुलावर समोरून दुधाचा टेम्पो आला, दिव्यांचा उजेड डोळ्यांवर पडला आणि नाना सायकलसकट कडेला सरले. टेम्पोवाला पोरगा नंतर आमच्या वस्तीत येऊन ओक्साबोक्शी रडला. सारखं एकच सांगत होता, म्हातारबानं काहीतरी धरायला हात लांब केला होता.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सभा होती. या वेळी कठडा विषयपत्रिकेवर सगळ्यात वर होता, एवढी लाज नगरपरिषदेला वाटली होती. पण निवडणूक तोंडावर होती. आचारसंहिता आज लागते की उद्या अशी परिस्थिती, आणि एकदा ती लागली की नवं काम बंद. तिकडं कारखान्याचा हंगाम सुरू होणार, उसाच्या गाड्या पुलावरून रात्रंदिवस धावणार. त्या दिवशी विषय झाला तरच होणार होता. म्हणून मी आदल्या दिवशी भालूशेठच्या कापडदुकानात जाऊन बसले आणि नानांचं म्हणणं शब्दाला शब्द सांगितलं. ते छातीवर हात ठेवून ऐकत राहिले. मोठा माणूस होता, म्हणाले. बघू, म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवशी फोटो, हार, अक्कांना आणायला स्वतःची गाडी, आणि दोन मिनिटं.

"कठडा होईल, ताई," भालूशेठ आता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "कठडा तुमच्या एकटीचा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे. पण आज नानांचा फोटो समोर ठेवून लोखंडाचा भाव आणि टेंडर बोलायचं? बरं दिसतं का ते?"

"नानांनीच सांगून ठेवलंय."

"ते त्यांचं मोठेपण. आपण आपलं लहानपण दाखवू नये."

सभागृहात माना डोलल्या. भालूशेठचे डोळे ओले होते, आणि ते खोटं नव्हतं. ते नानांना लहानपणापासून काका म्हणायचे. मला त्याचाच जास्त संताप आला. लबाड माणसाशी भांडता येतं. रडणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं?

मी मुख्याधिकाऱ्यांकडं वळले आणि सभा तहकूब करायची असं कायद्यात कुठं लिहिलंय का, ते विचारलं. वाघचौरेसाहेब हळू आवाजात म्हणाले, तशी तरतूद नाही, पण प्रथा आहे, सभागृहाची इच्छा. मी विचारलं, आचारसंहिता लागल्यावर कठडा घेता येईल का? ते म्हणाले, नाही. मी सगळ्यांकडं बघितलं. सगळ्यांनी ऐकलं होतं. हात जोडलेलेच होते आणि खाली कुणी बसलं नाही. एरवी गटारीच्या झाकणावरून एकमेकांची गचांडी धरणारी ही माणसं त्या दिवशी कशी एकजीव झाली होती.

"अक्का, आता तुम्हीच सांगा हिला," भालूशेठ म्हणाले.

हौसाक्कांनी माझ्याकडं पाहिलं, मग फोटोकडं. फोटोकडं जरा जास्त वेळ. मग त्यांनी भिंतीवरचा हात काढला, पदर नीट केला आणि खाली बसल्या. घाई नाही, धडपड नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि समोर बघत राहिल्या.

मला हुंदका आला. झालं, मी मनात म्हणाले. नानांसाठी नानांची बायकोच बसली, आता हे उभे कसे राहतील?

"चक्कर आली," कुणीतरी म्हणालं. "अक्कांना चक्कर आली. पाणी, पाणी आणा."

शिपाई ट्रे घेऊन तयारच होता. पंखा वाढवला गेला. दोघी नगरसेविका धावत जाऊन विषयपत्रिकेनंच वारा घालायला लागल्या.

"मला काय झालं न्हाई," अक्का म्हणाल्या. "म्या बसले."

"हो हो, बसा. बसूनच राहा."

"आवं, म्या आपली आपन बसले."

"बोलू नका अक्का, दोन घोट घ्या आधी. सकाळपासून पोटात काही नसेल हो त्यांच्या."

मी ओरडले की त्या मुद्दाम बसल्यात, माझ्यासारख्याच बसल्यात. माझा आवाज त्या पंख्यात आणि गलक्यात कुठं गेला कळलं नाही. भालूशेठनी रुमालानं डोळे पुसले. अक्कांची अवस्था बघवत नाही, असं म्हणाले आणि सभा तहकूब केली. मग सगळे चपला न वाजवता, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवत बाहेर गेले.

आत आम्ही दोघी आणि नाना राहिलो. अक्कांच्या हातात पाण्याचा ग्लास तसाच भरलेला होता. मला इतका राग आला होता की रडू थांबेना. या लोकांनी शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं, दगड मारले असते तर चाललं असतं. पण हे मान द्यायचे, आणि मान देऊन देऊन माणसाला गप्प बसवायचे.

"म्होरली सभा कवा?" अक्कांनी विचारलं.

"निवडणुकीनंतर."

"आन् उसाच्या गाड्या?"

मी डोळे पुसले. त्यांनी ग्लास फोटोसमोर ठेवला आणि उठल्या. भालूशेठची गाडी बाहेर थांबली होती, ती त्यांनी परत पाठवली. आम्ही चालत निघालो. पुलावर अक्का पुढं झाल्या. जिथून नाना गेले तिथं थांबल्या, फरशीतल्या एका गंजक्या खुंटाला पाय लावून बघितला.

"मंदे, तेराव्याच्या मांडवाचं बांबू आजून आमच्या दारातच हाईत न्हवं?"

त्याच आठवड्यात आचारसंहिता लागली. मांडववाल्याला बांबू मागितले तर तो म्हणाला, नानांसाठी घातलेत, राहू द्या तुमच्याकडंच. माळवस्तीतली माणसं एका सकाळी पुलावर जमली. जुन्या खुंटांना उभे बांबू आवळले, त्यांना आडवे बांधले, काथ्यावर पाणी मारून गाठी घट्ट केल्या. दिसायला ओबडधोबड होतं, पण हलवलं तरी हलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या पोरी बांबूवरून हात फिरवत गेल्या. इतक्या सभांना बसले, पण वॉर्डात काम झालेलं मी पहिल्यांदा बघितलं.

मग मुख्याधिकारी आले. ट्रॅक्टर आणि कोयते घेतलेले कामगार बरोबर. कठडा घालायला ज्या नगरपरिषदेला इतकी वर्षं सवड झाली नाही, तिला तो काढायला ना सभा लागली, ना सूचक, ना अनुमोदक. वाघचौरेसाहेब खाली बघत बोलत होते. सार्वजनिक पुलावर विनापरवाना बांधकाम आहे, आचारसंहिता आहे, मतांसाठी तुम्ही हे केलं अशी माझ्याकडं तक्रार आली आहे, मला काय वाटतं तो प्रश्न वेगळा. मी भांडले. कायदा बोलले, नानांचं नाव घेतलं, शेवटी हात जोडले. त्यांनीही उलट हात जोडले. आमच्या गावात हात जोडले की माणूस पुढं बोलूच शकत नाही.

कामगारानं पहिल्या गाठीला कोयता लावला, तेवढ्यात हौसाक्का वस्तीकडून आल्या.

"काडा, सायेब," त्या म्हणाल्या. "म्या आडवत न्हाई. पर आदी ह्यांच्यासाटनं दोन मिंटं उभं ऱ्हावा. हितंच पडलं ते."

याला कोण नाही म्हणणार? साहेबांनी पायातले बूट काढले. कामगारांनी कोयते फरशीवर ठेवले, डोक्याची मुंडाशी सोडली. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. सगळे उभे राहिले. खालून ओढ्याचा आवाज येत होता. मीही मान खाली घातली आणि हात जोडले. नाना गेल्यापासून मी धावत होते, भांडत होते, रागानं रडत होते. नाना नाहीत, हे मला तिथं, त्या दोन मिनिटांत पहिल्यांदा कळलं. सभागृहात मी उठले नव्हते. पुलावर मात्र नीट, पाय जुळवून उभी राहिले.

अक्कांनी डोळे उघडले.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता तहकूब करा."

साहेबांना काही समजलं नाही. "काय तहकूब करा?"

"काम. दुखवटा झाला की त्या दिशी दुसरं काम न्हाई करायचं. न्हाईतर गेलेल्याचा अपमान हुतो. तुमच्याच हालमदली रीत हाय."

"अक्का, ते सभागृहात. हा रस्ता आहे."

"दोन मिंटं उभं तर ऱ्हायलासा न्हवं?"

साहेबांनी बाजूला काढून ठेवलेल्या बुटांकडं बघितलं. कामगारांनी एकमेकांकडं बघितलं. मग त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं आपला कोयता उचलून ट्रॉलीत टाकला, आणि त्याच्यामागून बाकीच्यांनी.

"उद्या यावं लागेल मला," साहेब बूट घालत म्हणाले.

"या की," अक्का म्हणाल्या. "उद्या बी उभं ऱ्हाऊ."

ट्रॅक्टर वळवून पुढं गेला. साहेब मागून एकटेच, कडेकडेनं चालत निघाले. ते पुलाच्या मध्यावर असताना समोरून दुधाचा टेम्पो आला. साहेब बाजूला सरले. त्यांनी हात लांब केला आणि बांबू घट्ट धरला. टेम्पो निघून गेला तरी ते बराच वेळ तसेच, बांबू धरून उभे होते.